उज्जयिनीहून बीडपर्यंत: एका तांबड्या ताऱ्याची वाटचाल

आपल्या प्राचीन ज्योतिषांनी देशांतराचे गणित करण्यासाठी पृथ्वीच्या पाठीवर लंकेपासून मेरूपर्यंत जी एक दक्षिणोत्तर रेषा कल्पिली होती, आणि जिला सिद्धान्तग्रंथांत भूमध्यरेषा किंवा नुसती 'रेखा' असे म्हटले आहे, त्या रेषेवर कोणकोणती स्थळे येतात याची एक यादी भास्कराचार्यांनी शके ११०५ मध्ये, म्हणजे इसवी सन ११८३ च्या सुमारास रचलेल्या 'करणकुतूहल' या ग्रंथात दिली आहे. राक्षसांची पुरी लंका, देवकन्या, कांची, श्वेतपर्वत, पर्यली, वत्सगुल्म, उज्जयिनी, गर्गराट, कुरुक्षेत्र आणि मेरू असा तिचा क्रम आहे. आजच्या नकाशावर ही यादी ताडून पाहणाऱ्याला तिच्यातील सैलपणा लगेच जाणवतो. कांची तर उज्जैनच्या रेखांशापासून जवळजवळ चार अंश पूर्वेस सरकलेली आहे आणि वत्सगुल्म म्हणजे वाशीम तेही सव्वा अंशाहून अधिक पूर्वेला आहे. परंतु ज्या काळी दोन गावांमधले देशांतर काढायचे तर एकाच चंद्रग्रहणाची वेळ दोन्ही ठिकाणी घटिकापात्रावर मोजून तिची तुलना करण्यावाचून दुसरे साधन नव्हते, त्या काळच्या विद्वानांना एवढ्यासाठी दोष देण्याचे कारण नाही. चमत्कार असा की, या यादीत जे नाव नाही ते बीड मात्र उज्जैनच्या रेषेवर इतके अचूक बसते की दोहोंच्या रेखांशांतले अंतर चार-पाच किलोमीटरांपलीकडे जात नाही. उज्जैनच्या माथ्यावरून एखादा ग्रह किंवा तारा मध्यान्हरेषा ओलांडतो, तेव्हा तो बीडचीही रेषा जवळजवळ त्याच क्षणी ओलांडतो. फरक पडलाच तर काही सेकंदांचा.

यादीतील 'पर्यली' म्हणजे बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथच असावी, असे मला नामसादृश्यावरून आणि वाशीमच्या अलीकडील तिच्या स्थानावरून वाटते. ती रेषेपासून पाऊण अंश पूर्वेस आहे ही गोष्ट खरी, पण कांचीला जागा देणाऱ्या यादीत परळीला ती नाकारण्याचे प्रयोजन दिसत नाही. याच जिल्ह्याचा भास्कराचार्यांशी आणखी एका वाटेने संबंध जोडला जातो. आपण सह्य पर्वताच्या आश्रयास असलेल्या विज्जडविड नामक नगरात राहत होतो, असे त्या महापुरुषाने स्वतः सांगून ठेवले आहे, आणि हे नगर म्हणजे आपले बीडच, असे मानणारा एक पक्ष अभ्यासकांत आहे. दुसरा पक्ष चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतो, कारण भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो देवगिरीच्या सिंघण यादवाचा राजज्योतिषी होता, त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख तेथे आहे आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणला. मला पाटणचा पक्ष बलवत्तर वाटतो. बीडकरांनी त्याबद्दल खेद मानू नये. त्यांच्या वाट्याला एक दुसरे, आणि माझ्या मते अधिक विलक्षण, लेणे आले आहे, व ते आकाशात आहे.

स्वाती नक्षत्राचा तारा आपल्याकडे कोणाला अपरिचित नाही. सप्तर्षींच्या ज्या चार ताऱ्यांना खेड्यापाड्यांत बाज किंवा खाट म्हणतात आणि जिच्या मागे लागलेल्या तिघांना चोर ठरवतात, त्या तीन चोरांची वाकडी रांग तशीच पुढे वाढवीत नेली म्हणजे ती कमान नेमकी या तेजस्वी ताऱ्यावर जाऊन टेकते. उत्तर खगोलार्धातील हा सर्वांत तेजस्वी तारा. त्याचा वर्ण शुभ्र नाही. व्याधाच्या किंवा अभिजिताच्या शेजारी तो ठेवून पाहिला तर विझत आलेल्या शेगडीतल्या निखाऱ्यासारखा पिवळट तांबूस दिसतो. ज्योतिःशास्त्राच्या आजच्या भाषेत तो तांबडा राक्षसी तारा आहे: गाभ्यातील हायड्रोजन संपल्यामुळे ज्याचा बाहेरचा देह फुगत गेला, फुगताना थंड झाला आणि थंड होताना तांबडा पडला, असा. त्याचा व्यास सूर्याच्या सुमारे पंचवीसपट आहे. पृष्ठभागाचे तापमान सूर्याचे सुमारे ५८०० केल्व्हिन, तर याचे ४३०० च्या आसपास. अंतर सुमारे ३७ प्रकाशवर्षे. आपला सूर्यही काही अब्ज वर्षांनी याच अवस्थेला पोहोचणार आहे.

आता या ताऱ्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे उत्तर अंतर, आजमितीस १९ अंश आणि वर अवघ्या काही कला, म्हणजे अंशाचे साठावे भाग, एवढे आहे. आणि बीड शहराचे अक्षांश १९ अंशांना जेमतेम एक कला कमी. याचा सरळ अर्थ असा की स्वाती रोज एकदा बीडच्या बरोबर डोक्यावरून जातो, आणि ज्याला ज्योतिषी खस्वस्तिक म्हणतात त्या बिंदूपासून त्याचे अंतर चंद्रबिंबाच्या रुंदीच्या सातव्या-आठव्या हिश्शाहून अधिक नसते. एप्रिलच्या अखेरीस हा योग मध्यरात्रीनंतर सव्वाबाराच्या सुमारास येतो. पुढे दर महिन्याला दोन तास आधी येत येत, सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो त्या ७-८ जूनच्या रात्री तो साडेनऊ-पावणेदहाला येतो. उकाड्याने घरात झोप येत नाही म्हणून अंगणात किंवा धाब्यावर बाज टाकून पाऊस कधी येतो याची वाट पाहणाऱ्या बीड, गेवराई, पाटोदा, शिरूर या तालुक्यांतल्या माणसाने उताणे पडल्या पडल्या डोळे उघडले, तर त्याच्या कपाळाच्या रेषेत जो तारा असतो तो हाच.

पण ही स्थिती कायमची नाही, आणि येथेच इतिहासाला सुरुवात होते. पृथ्वीचा आस सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी मारतो, त्यामुळे संपात, म्हणजे सूर्यमार्ग व विषुववृत्त यांचे छेदनबिंदू, मागे सरकतात आणि ताऱ्यांच्या क्रांती बदलतात. आपल्या ग्रंथकारांनी याला अयनचलन म्हटले. या अयनचलनामुळे स्वाती दर वर्षी सुमारे १७ विकला, म्हणजे कलेचे साठावे भाग, दक्षिणेकडे उतरतो, आणि त्यात त्याच्या स्वतःच्या गतीच्या दोन विकलांची भर पडते. १९ विकलांचे जमिनीवर माप केले तर ते सहाशे मीटरांच्या आतच भरते. म्हणजे स्वाती ज्या गावांच्या माथ्यावरून जातो त्या गावांचा पट्टा दर वर्षी एखाद्या मध्यम गावाच्या लांबीइतका दक्षिणेस सरकत असतो. हे गणित मागे नेले म्हणजे एक मनोरम प्रवासवृत्त हाती येते. भास्कराचार्य 'सिद्धान्तशिरोमणी' लिहीत होते त्या ११५० साली स्वाती उज्जयिनीच्याही उत्तरेस अर्धा अंश होता; १२५० च्या सुमारास, देवगिरीस यादवांचे राज्य वैभवात असताना, तो ठीक उज्जयिनीच्या माथ्यावर आला. अकबराच्या फौजा असीरगडाला वेढा देऊन बसल्या होत्या त्या १६०० च्या आसपास तो बऱ्हाणपुरावर होता. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने अजिंठ्याचा डोंगर ओलांडला आणि एकोणिसाव्याच्या उत्तरार्धात औरंगाबादेचे अक्षांश. १९४० नंतरच्या काही वर्षांत तो पैठणावर आला. पुढे गोदावरी उतरून १९८५ च्या आगेमागे गेवराईच्या माथ्यावर पोहोचला. उज्जैनपासून बीडपर्यंतचे सुमारे ४६५ किलोमीटर अंतर, तेही भास्कराचार्यांच्या त्याच मध्यरेषेवरून, चालून येण्यास त्याला जवळजवळ आठ शतके लागली.

या आठ शतकांत त्याला कोणी पाहिले का, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर देताना मला थोडे अवघडल्यासारखे होते. पाहणाऱ्यांची या भागाला वाण नव्हती. बीड जिल्ह्याच्या सीमेपलीकडे गोदावरीच्या उत्तरेस पार्थपूर, म्हणजे पाथरी, येथे ज्ञानराजाने शके १४२५ मध्ये 'सिद्धान्तसुंदर' रचला. त्याच परिसरातील गोलग्रामच्या ज्योतिषी घराण्याने पुढे काशीस जाऊन बिऱ्हाड केले आणि त्यातल्या कमलाकराने १६५८ मध्ये 'सिद्धान्ततत्त्वविवेक' लिहिला. गोदातीरावर दोन-दोनशे वर्षे चाललेली ही विद्येची पेढी होती. पण स्वातीच्या योगताऱ्याचे, म्हणजे मुख्य ताऱ्याचे, सूर्यसिद्धान्तात दिलेले अंक, ध्रुवक (सूर्यमार्गावरील स्थान) १९९ अंश आणि उत्तर शर (त्या मार्गापासूनचे अंतर) ३७ अंश, हेच ब्रह्मगुप्ताने दिले आणि तेच भास्कराचार्यांनी. पित्याचे दफ्तर पुत्राने जसेच्या तसे नकलून घ्यावे तसे हे अंक ग्रंथातून ग्रंथात उतरत गेले. ताऱ्यांना 'स्थिर' मानल्यावर पुन्हा मोजण्याची गरज कोणाला वाटणार? परिणाम असा झाला की, स्वाती स्वतःच्या गतीने चालतो आहे, दीड-पावणेदोन हजार वर्षांत आकाशात पुरता एक अंश, म्हणजे दोन चंद्रबिंबांइतका, सरकतो आहे, ही गोष्ट १७१८ मध्ये एडमंड हॅली या इंग्रज ज्योतिषाने टॉलेमीचे जुने अंक आपल्या काळच्या मोजणीशी ताडून जगाला सांगितली. आमच्याकडेही जुने अंक होते. ताडून पाहणारा नवा अंक मात्र नव्हता. आमच्या पूर्वजांच्या बुद्धीबद्दल ज्याला नितांत आदर आहे त्यानेही हा हिशेब चुकता केला पाहिजे.

तथापि सूर्यसिद्धान्ताच्या कर्त्याने स्वातीकडे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले होते, याचा एक उत्तम पुरावा त्याच ग्रंथात आहे. ताऱ्यांच्या उदयास्ताच्या प्रकरणात तो सांगतो की, अभिजित, ब्रह्महृदय, स्वाती, श्रवण इत्यादी काही तारे उत्तरेकडे असल्यामुळे सूर्याच्या तेजात कधीच लोपत नाहीत. बीडच्या क्षितिजावर याचा पडताळा ऑक्टोबरच्या अखेरीस सहज घेता येतो. सूर्य आणि स्वाती यांचे विषुवांश, म्हणजे आकाशातले पूर्व-पश्चिम स्थान, त्या दिवसांत सारखे होतात. तरी सूर्य दक्षिणेस तेरा अंश आणि तारा उत्तरेस एकोणीस अंश असल्याने तारा सूर्याच्या आधी पाऊण तास उगवतो आणि सूर्यानंतर पाऊण तासाने मावळतो. एकाच दिवशी तो पहाटे ईशान्येकडच्या क्षितिजावर दिसतो आणि संध्याकाळी वायव्येकडच्या.

शेतकऱ्याच्या पंचांगात या गोष्टीला जे महत्त्व यायला हवे होते ते कधी आले नाही, याचे मला नवल वाटते. मराठवाड्यातला कुणबी पाऊस मोजतो तो नक्षत्रांवर: रोहिणीचा, मृगाचा, आर्द्राचा, असे करीत हस्त, चित्रा आणि स्वातीपर्यंत, आणि पाडव्याला ग्रामजोशी पंचांग वाचतो तेव्हा प्रत्येक नक्षत्राचे वाहन कोल्हा आहे की बेडूक, म्हैस आहे की मोर, हे कान देऊन ऐकतो. पण पावसाचे नक्षत्र म्हणजे सूर्य ज्या नक्षत्रात आहे ते. अर्थात रोहिणीच्या पावसात रोहिणीचा तांबडा तारा सूर्याच्या तेजात बुडालेला असतो आणि आर्द्राच्या पावसात आर्द्राचा. ज्याच्या नावाने पाऊस पडायचा तो तारा त्या पंधरवड्यात आकाशात दिसतच नाही, अशी ही व्यवस्था आहे. याला अपवाद स्वाती. ज्याच्या पावसाच्या थेंबाचे मोती होतात अशी जुनी समजूत आहे आणि ज्याच्या ओलीवर बीडच्या काळ्या रानातली रब्बीची ज्वारी तग धरते, त्या स्वातीच्या पंधरवड्यात ढग फाटले तर तारा सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा हजर असतो.

नक्षत्रांचा हा हिशेब केवळ शेताच्या बांधावर राहिला नाही. तो सरकारी दफ्तरात शिरला. दक्षिणेतल्या महसुलाच्या कागदांवर 'सन इहिदे', 'सन खमस' असे अरबी अंक घालून जो शुहूर सन लिहीत, त्याची सुरुवात सूर्य मृगात शिरतो त्या दिवशी होई, म्हणून त्याला मृगसाल हे नाव पडले. शहाजहानच्या काळी दक्षिणेत आलेल्या फसली सनाचीही सांगड तशीच मृगाशी घातली गेली. जमाबंदी, हप्ते, कमाविसदाराचा झडती-हिशेब, देशमुख-देशपांड्यांचा हक्क, जोशाचे बलुते, हे सर्व त्या एका दिवसापासून मोजले जाई. शुहूर सन इसवी १३४४ च्या सुमारास मुहंमद तुघलकाच्या अमदानीत सुरू झाला असे सामान्यतः मानतात. आणि दक्षिणेच्या एका स्वारीत याच सुलतानाची एक दाढ बीडजवळ पडली व त्याने तिच्यावर थडगे बांधविले, हे फिरिश्त्याने नमूद करून ठेवले आहे. सुलतानाच्या दाढेचे स्मारक व्हावे आणि त्याच्या अमदानीतल्या सनाची कोणाला आठवणही नसावी, हा इतिहासाचा नेहमीचा न्याय. मृगसालाची खोड अशी की ते निरयन आहे, म्हणजे ताऱ्यांना धरून चालते. ऋतू चालतात सायन मानाने, म्हणजे संपाताला धरून. त्यामुळे साठ-सत्तर वर्षांत सुमारे एक दिवस या प्रमाणात मृगाचा आरंभ ऋतूंच्या मागे पडत आला आहे. भास्कराचार्यांच्या काळी मृग आजच्यापेक्षा सुमारे बारा दिवस आधी लागत असे. मृग कोरडा गेला म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगून त्याचे समाधान होणार नाही, हे मी जाणतो. पण पंचांग छापणाऱ्यांनी तरी ते ध्यानात घ्यावे.

तांबड्या ताऱ्यांचा बीड जिल्ह्याशी दुसरा एक जुना संबंध रोहिणीच्या द्वारे येतो. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन आहे. थोरल्या माधवरावांनी १० ऑगस्ट १७६३ रोजी निजामाचा पराभव केला ते हेच ठिकाण, आणि शनीच्या साडेतीन पीठांपैकी एक म्हणून ज्याची ख्याती आहे तेही हेच. शनीची जी भीती पुराणांनी वर्णिली तिच्यात रोहिणीचा शकट भेदण्याची भीती अग्रगण्य आहे. शकट म्हणजे रोहिणी हा तांबडा तारा आणि त्याच्या शेजारचे चार तारे मिळून होणारा गाडा. शनीने तो भेदला तर बारा वर्षांचे अवर्षण पडेल म्हणून दशरथ राजा त्याच्यावर रथ घालून गेला, अशी कथा आहे. अवर्षण म्हणजे काय हे ज्या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या भोगले त्याला ही कथा खोटी वाटण्याचे कारण नव्हते. पण गणेश दैवज्ञांनी १५२० च्या 'ग्रहलाघवा'त मोठ्या शांतपणे सांगून टाकले की मंगळ आणि शनी यांच्याकडून होणारा शकटभेद दुसऱ्या एखाद्या युगात घडेल, हल्ली तो कसा व्हावा? शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीही १८९६ च्या 'भारतीय ज्योतिःशास्त्रा'त या प्रश्नाचा गणिताने विचार केला आहे. चंद्र मात्र शकट भेदतो, आणि रोहिणीच्या ताऱ्याला झाकतोही. २०१५ ते २०१८ या काळात त्याने ते अनेकदा केले, आणि २०२३ पासून ज्येष्ठा या दुसऱ्या तांबड्या ताऱ्याची पाळी चालू आहे.

दुर्बिणीचे युग बीडपर्यंत आले नाही, पण ज्या निजामाच्या राज्यात बीड १९४८ पर्यंत होते त्याच्या राजधानीत ते आले. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये हैदराबादेस वेधशाळा स्थापिली, आयर्लंडच्या ग्रब कंपनीची पंधरा इंची दुर्बीण मागविली, आणि १९०८ मध्ये ती सर्व सामग्री निजाम सरकारच्या ताब्यात गेली. या निजामिया वेधशाळेने दक्षिण आकाशाच्या १७ ते २३ अंशांच्या पट्ट्याची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय सूचीचे आपल्या वाट्याचे काम पुरे केले. मोठ्या दुर्बिणीतून तेजोविकारी ताऱ्यांचे वेध घेतले, आणि अशा ताऱ्यांत अनेक तांबडे राक्षस असतात. तिथल्या एका साहाय्यक ज्योतिषाचा मुलगा वेणु बाप्पू याच वातावरणात वाढला. १९५७ मध्ये त्याने ओलिन विल्सन या अमेरिकन ज्योतिषाबरोबर असा नियम प्रसिद्ध केला की, स्वातीसारख्या थंड ताऱ्यांच्या वर्णपटातील कॅल्शियमच्या एका रेषेची रुंदी मोजली म्हणजे तारा स्वतः किती तेजस्वी आहे, आणि त्यावरून तो किती दूर आहे, हे कळते. तो नियम विल्सन-बाप्पू परिणाम या नावाने जगभर शिकवला जातो. अव्वल तालुकदाराच्या कचेरीत भरलेला बीडचा महसूल ज्या खजिन्यात जात होता त्याच खजिन्यातून ही वेधशाळा चालली, एवढा वाटा तरी या जिल्ह्याने आपला मानावा.

बीडच्याच अक्षांशावर पॅसिफिक महासागरात हवाईचे मोठे बेट आहे. तेथील दर्यावर्दी ज्या ताऱ्याला होकुलेआ म्हणतात तो हाच स्वाती. दक्षिणेकडून समुद्र कापीत येताना तो बरोबर डोक्यावरून जाऊ लागला की आपण आपल्या बेटाच्या अक्षांशाला आलो, असे त्यांनी ओळखायचे. १९७६ मध्ये त्याच नावाची एक दुहेरी होडी होकायंत्राविना हवाईहून ताहितीला गेली. त्या लोकांना समुद्रावर घर शोधायचे होते म्हणून माथ्यावरचा तारा त्यांना ठाऊक होता; आम्ही कोरडवाहू जमिनीवर बसलेले, आम्हाला शोधायचा होता तो पाऊस.

स्वाती बीड शहराच्या ठीक माथ्यावर येईल तो २०३५ ते २०४० च्या दरम्यान. त्यानंतर तो शहराच्या दक्षिणेस उतरेल आणि २०६५ च्या आसपास परळीच्या अक्षांशावर पोहोचेल. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी व शाळांनी दर वर्षी मृगाच्या आगेमागे, आकाश मोकळे असेल त्या रात्री, ओळंबा आणि एक साधी दुर्बीण घेऊन स्वातीचे खस्वस्तिकापासूनचे अंतर मोजावे, तारखेसह वहीत लिहावे आणि ती वही पुढच्या तुकडीच्या स्वाधीन करावी. पंधरा-वीस वर्षांच्या अशा नोंदींत ताऱ्याचे दक्षिणेकडे उतरणे स्पष्ट दिसून येईल.